आजीला न लागणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, मोठी, करड्या रंगाची गाडी आहे. माझ्यासारख्या उंच आणि रुंद गाड्यांना एसयूव्ही म्हणतात. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग शहराच्या कडेला जुन्या गाड्या विकणारं एक आवार आहे, तिथे मी सध्या उभी आहे. माझ्या पुढच्या काचेला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर माझं वय, मी कापलेलं अंतर आणि माझी किंमत लिहिली आहे. लिहिलेली बाजू बाहेरच्यांसाठी आहे. मला दिसते ती कोरी बाजू. म्हणून माझी गोष्ट मीच सांगते.

माझा जन्म २०११ सालचा. कारखान्यात माझा सांगाडा यंत्रांनी जोडला, रंगही यंत्रांनीच दिला. शेवटी एका बाईने माझ्या प्रत्येक दाराच्या फटीवरून बोट फिरवून ती सगळीकडे सारखी आहे ना, हे पाहिलं. मला झालेला माणसाचा तो पहिला स्पर्श. तेव्हापासून मला तपासून घेण्याची भीती वाटत नाही. कुणी तपासतं म्हणजे कुणाला तरी आपली गरज आहे, असं मी समजते.

पहिली पाच वर्षं मी एका घोडेवाल्याकडे होते. तो माझ्यामागे घोडे वाहून नेण्याची गाडी जोडून चिखलातून, बंधाऱ्यांवरून मला न्यायचा. माझ्या स्प्रिंगा कडक, चाल धसमुसळी, पण ओढण्याची ताकद भरपूर. तो मला ‘भक्कम’ म्हणायचा. मग त्याने घोडे विकले आणि मलाही विकलं. अशी मी या आवारात पहिल्यांदा आले.

माझ्या शेजारी एक पांढरी एसयूव्ही उभी होती. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान, अर्धी विजेवर आणि अर्धी पेट्रोलवर चालणारी. तिच्या काचा अरुंद आणि काळसर होत्या, सीट मऊ होत्या. आवारातला विक्रेता हेंक तिला रोज पुसायचा आणि मला शनिवारी.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये एका शनिवारी एक कुटुंब आलं. ऋजुता एका प्रयोगशाळेत काम करायची. अचूक मोजणं हाच तिचा व्यवसाय होता. तिचा नवरा अभिराम संगणकावर काम करायचा आणि रोज रेल्वेने आम्स्टरडॅम स्लोटरडाइकच्या कचेरीत जायचा. त्यांची मुलगी स्वानंदी पाच वर्षांची होती. तिला मराठी कळायचं, पण ती उत्तर डचमध्ये द्यायची. आणि चौथ्या होत्या लीलावती, ऋजुताच्या आई. त्या मिरजेहून तीन महिन्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या.

लीलावतींनी मिरजेच्या शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवला होता. नद्या, पर्वत, सामुद्रधुन्या त्यांना तोंडपाठ होत्या. पण त्या स्वतः शाळेच्या एकाही सहलीला गेल्या नव्हत्या, कारण त्यांना गाडी लागायची. बसमध्ये बसलं की दहाव्या मिनिटाला मळमळ आणि विसाव्या मिनिटाला उलटी. विमानाचं काय, झोपेची गोळी घेऊन निभावता येतं. पण गोळी घेऊन झोपलं तर रस्ता कसा दिसणार? म्हणून त्यांनी जग नकाशावरच पाहिलं होतं.

त्या नकाशातली एक रेघ मात्र त्यांना खरी पाहायची होती. या देशाच्या उत्तरेला समुद्र अडवणारा बत्तीस किलोमीटर लांबीचा एक बांध आहे. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला गोडं, आणि मधून सरळ रस्ता. दरवर्षी लीलावती फळ्यावर दोन समांतर रेघा काढून शाळेतल्या मुलींना हा बांध शिकवायच्या. टिलबर्गहून तिथे जायला अडीच तास लागतात. ऋजुताने ठरवलं होतं की आईला उलटी न होता तिथपर्यंत नेईल अशीच गाडी घ्यायची. ती मोठी गाडी शोधत होती ती एवढ्यासाठी.

ऋजुताने एक तक्ता आणला होता. तो तिने माझ्या बॉनेटवर ठेवला आणि पेन्सिलीने भरायला घेतला, त्यामुळे मला तो पूर्ण दिसला. ताकद: शून्यावरून शंभराचा वेग घ्यायला पांढरीला सात सेकंद, मला दहा. सोय: माझी डिकी मोठी आणि उघडायला सोपी, पण पांढरी आपली आपण पार्क होते. किंमत: मी घ्यायला स्वस्त, पण वजन जास्त आणि डिझेल पिणारी, म्हणून सांभाळायला महाग. ऋजुताने गुण दिले आणि बेरीज केली. पांढरी तीन गुणांनी पुढे होती. अभिरामला ती आधीच आवडली होती. तो म्हणाला, “ऋजू, गणितच सांगतंय आता. माझं ऐकू नकोस, तुझ्या तक्त्याचं तरी ऐक.”

ऋजुताने तक्त्याच्या तळाशी आणखी एक ओळ आखली आणि लिहिलं: ‘गाडी लागते का?’

मग लीलावतींना आधी पांढरीतून नेलं. पंचवीस मिनिटांनी ती परत आली तेव्हा त्या उतरून तिथेच फरशीच्या कडेला बसल्या आणि डोकं गुडघ्यांत घातलं. ऋजुता पाणी आणायला गेली. हेंक कचेरीतून बाहेर आला आणि आजींना काय झालं असं त्याने स्वानंदीला डचमध्ये विचारलं. स्वानंदीने आईच्या तोंडून नुकतंच ऐकलं होतं की आजीला गाडी लागली. खेळताना पडलं की ‘लागलं का?’ असं आई विचारते, म्हणजे लागणं हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने शब्दाला शब्द लावून डच केलं: “गाडीने आजीला धडक दिली.”

हेंकचा चेहरा पांढरा पडला. तो धावत जाऊन खुर्ची आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन आला, रुग्णवाहिकेला फोनही लावू लागला. तेवढ्यात ऋजुता परतली आणि तिने त्याला थांबवलं. खरा अर्थ समजावून सांगायला तिला बराच वेळ लागला. लीलावती गुडघ्यांतून डोकं न काढताच म्हणाल्या, “त्याला म्हणावं, धडक बरी. ती एकदाच बसते.”

मग त्या माझ्यात बसल्या, मागच्या उजव्या खिडकीशी. ऋजुताने मला त्याच रस्त्याने नेलं, तेवढाच वेळ. तिने फोनमध्ये हालचाल मोजणारी सोय चालू केली होती, तीच पांढरीतही केली होती. नंतर दोन्ही आलेख तिने अभिरामला दाखवले. पांढरीचं अंग वळणावर सावकाश कलायचं आणि सावकाश परत यायचं, होडीसारखं. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ती आपणहून ब्रेक लावायची. पोटाला त्रास होतो तो अशाच संथ झोक्यांनी. माझे धक्के मात्र लहान आणि भरभर होते. शिवाय माझ्या काचा मोठ्या आणि नितळ असल्याने लीलावतींना सगळा वेळ क्षितिज दिसत राहिलं होतं. माझा धसमुसळेपणाच इथे गुण ठरला.

लीलावती उतरल्या आणि माझ्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या. “ही नाही लागली मला,” त्या म्हणाल्या. “हाडं खिळखिळी झाली, पण पोट जागच्या जागी आहे.”

अभिराम हसून म्हणाला, “मग आई, हीच. तुमच्या पोटापुढे माझं काय चालणार?”

मित्रांनो, तीन गुणांनी हरलेली मी एका ओळीने जिंकले.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वात भरलेले. लीलावती माझ्यातून टिलबर्गजवळच्या वाळूच्या टेकड्या पाहून आल्या, एक कालवा पाहून आल्या, बाजार तर दर शनिवारी. मागच्या उजव्या दाराच्या कप्प्यात त्यांनी आलेपाकाची पुडी आणि एक लिंबू ठेवलं होतं. लिंबू हुंगायची वेळ कधी आली नाही. वाटेत लागणाऱ्या प्रत्येक ओढ्याला त्या नाव विचारायच्या आणि वहीत लिहून घ्यायच्या. स्वानंदी शेजारी बसून डचमध्ये काहीतरी सांगायची, आजी मराठीत उत्तर द्यायची. दोघींना एकमेकींचं किती कळत होतं कोण जाणे. पण त्यांच्यातली बडबड थांबायची नाही.

बांधावर जायचं ठरलं, त्या रविवारी मुसळधार पाऊस आला. चार दिवसांनी त्यांचं विमान होतं. पुढच्या वेळी जाऊ, असं ठरलं.

पुढच्या वर्षी त्या आल्या, तेव्हा स्वानंदीला कांजिण्या झाल्या. २०१९ साली आल्या, तेव्हा बांधावरच्या रस्त्याचं काम चालू होतं आणि अभिरामची नोकरी नवी होती. मग जगभरच्या आजाराने दोन वर्षं विमानंच थांबली. २०२२ मध्ये त्या आल्या, पण दोन पायऱ्या चढूनही त्यांना दम लागत होता. निघायच्या आदल्या दिवशी त्या माझ्यात येऊन बसल्या. कुठे जायचं नव्हतं. ऋजुता त्यांना घरात बोलवायला आली, तेव्हा त्या म्हणाल्या, “बांध कुठे पळून जातोय? नव्वद वर्षं तिथेच आहे. पुढच्या वेळी नक्की.”

पुढची वेळ आली नाही. २०२३ मध्ये त्या मिरजेच्या घरात पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. एवढा लांबचा विमानप्रवास आता नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऋजुता दोनदा जाऊन आली. मी दारातच उभी होते.

या देशात गाडीवाचून काही अडत नाही. ऋजुता सायकलने प्रयोगशाळेत जायची, अभिराम सायकलने स्टेशनवर, स्वानंदी सायकलने शाळेत. सकाळी तीन सायकली माझ्याजवळून जायच्या, संध्याकाळी तीन परत यायच्या. माझ्यात सात जणांची जागा होती. शनिवारी एक जण किराणा आणायला यायचा, तोही पुढे बसायचा आणि पिशव्या शेजारच्या सीटवर ठेवायचा. मागची दारं उघडायची कुणाला गरज पडत नव्हती. इथली हवा दमट. माझ्या खिडक्यांच्या रबरावर हिरवं शेवाळ आलं. उजव्या आरशात एका कोळ्याने घर केलं, आणि मला त्याची सोबत वाटू लागली. कुणी मला वाईट वागवत नव्हतं. वर्षातून एकदा तपासणी व्हायची, तेल बदललं जायचं, मी पास व्हायचे. दाराच्या कप्प्यातलं लिंबू मात्र वाळून सुपारीएवढं झालं होतं, आणि ते तिथून कुणी काढलं नव्हतं.

या वर्षी सप्टेंबरमध्ये माझी दुसऱ्यांदा तुलना झाली. अभिरामला आता विजेवर चालणारी एसयूव्ही घ्यायची होती. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी धूर सोडते, जड आहे, म्हातारी आहे. शनिवारी तिघं ती नवी गाडी पाहायला निघाली, माझ्यातूनच. ऋजुताने नवा तक्ता मागच्या उजव्या सीटवर ठेवला. मी तो वाचला. ताकद, सोय, आणि किंमत म्हणजे वर्षभराचा खर्च. एका बाजूला ती, एका बाजूला मी. तिन्ही ओळींत मी मागे होते. त्याचं मला वाईट वाटलं नाही, आकडे खरे होते.

पण तक्ता तिथेच संपत होता. शेवटची ओळ नव्हती.

मित्रांनो, त्या कोऱ्या जागेकडे मी कितीतरी वेळ पाहत होते. ती ओळ लिहायचं आता कारण उरलं नव्हतं.

स्वानंदी मागे डाव्या बाजूला बसली होती. ती आता चौदा वर्षांची आहे. तिने तक्ता मांडीवर ओढला, दप्तरातून पेन काढलं आणि खाली काहीतरी लिहिलं. तिला देवनागरी नीट येत नाही. अक्षरं रेघेवर बसली नव्हती, आणि ‘गाडी’ची वेलांटी पहिली काढली होती. ‘गाडि लागते का?’

ती नवी गाडी पाहून झाली. ऋजुताने गुण भरायला तक्ता हातात घेतला आणि तिला ती ओळ दिसली. तिने गुण भरलेच नाहीत. कागदाची घडी करून तिने पर्समध्ये ठेवली. घरासमोर मला उभं केल्यावरही ती उतरली नाही.

“आपण आईला तिथे नेलंच नाही,” ती म्हणाली. “सहा वर्षांत ती चार वेळा येऊन गेली आणि गाडी दारातच होती.”

अभिराम म्हणाला, “उद्या जाऊ. नवी गाडी पळून जात नाही.”

तर मित्रांनो, आम्ही बांधावर गेलो. तुम्ही म्हणाल, आजींवाचून जाण्यात काय अर्थ? बेत असा होता की स्वानंदीने आजीच्या जागेवर बसायचं आणि फोनवरून तिला सगळं दाखवायचं. मिरजेत तेव्हा संध्याकाळ झाली होती. बांध सुरू व्हायच्या थोडं आधी स्वानंदीने फोन लावला आणि फोनचा कॅमेरा खिडकीकडे धरला.

पाच मिनिटंही झाली नसतील. फोनमधून लीलावतींचा आवाज आला, “अगं स्वानू, बंद कर ते चित्र. मला इथे पलंगावर बसून गाडी लागायला लागली.”

पुढे बसलेली दोघं हसली. स्वानंदी नाही हसली. तिने चित्र बंद केलं आणि आता काय करू, असं आजीला इंग्रजीत विचारलं.

“बोल,” आजी म्हणाल्या. “डोळे तुझे, कान माझे. पण मराठीत हं. तुझ्या त्या डचने मला बांध दिसायचा नाही.”

नऊ वर्षांत मी स्वानंदीच्या तोंडून सलग मराठी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. शब्द अडत होते, मोडत होते. उजवीकडे पाणी आहे, तिने सांगितलं. ते करडं आहे, आपल्या गाडीसारखं. लांब एक होडी आहे, तिचं ‘कापड’ पांढरं आहे. “शीड,” आजींनी सुधारलं. हो, शीड. रस्ता किती सरळ आहे, असं आजींनी विचारलं. स्वानंदीने विचार करून उत्तर दिलं, “पट्टीने काढला तसा.” आणि डावीकडे? डावीकडे गवताची भिंत आहे, तिच्यापलीकडे काहीच दिसत नाही.

“बरोबर,” आजी म्हणाल्या. “समुद्र भिंतीमागे आहे. तो गाडीतून दिसत नाही, त्यासाठी वर चढावं लागतं. हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं हो, अंदाजाने सांगतेय. चढशील?”

बांधाच्या मध्यावर थांबायला जागा आहे. तिघं उतरली आणि पायऱ्या चढून वर गेली. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. एसयूव्ही कितीही उंच असली तरी तो बांध तिच्याहून उंच असतो. चौदा वर्षं मी रस्त्यावर आहे, समुद्रापासून पन्नास पावलांवर उभी होते, पण समुद्र मी अजून पाहिलेला नाही. वारा जोरात होता, त्यामुळे त्यांचं बोलणंही खाली येत नव्हतं. एवढंच कळलं की स्वानंदी खूप वेळ हात पुढे करून अजिबात न हलता उभी होती. फोन स्थिर राहावा म्हणून ऋजुताने तिचं कोपर धरलं होतं. मग स्वानंदी वळली आणि फोन खाली माझ्याकडे धरला. तोही तसाच स्थिर, बराच वेळ.

ती परत येऊन बसली, तेव्हा फोन चालूच होता. दार लागलं आणि वाऱ्याचा आवाज थांबला. अभिरामने हळू आवाजात सांगितलं की मंगळवारी गाडी आवारात द्यायची आहे. ऋजुताने मान डोलावली. स्वानंदीने दाराच्या कप्प्यात हात घातला आणि ते वाळलेलं लिंबू काढून मुठीत धरलं.

“आजी,” ती म्हणाली, “मला गाडी लागली.”

“लागली? थांबवायला सांग बाबाला. खिडकी उघड. लांब बघ, लांब, क्षितिजाकडे.”

“तशी नाही गं.” तिला शब्द सापडत नव्हता. “पोटात नाही. म्हणजे... ती जाणार आहे ना. म्हणून लागली.”

मग लीलावती म्हणाल्या, “त्याला लळा लागणं म्हणतात, बाळा.” आणि थोड्या वेळाने, छत्तीस वर्षं वह्या तपासलेल्या बाईंच्या आवाजात, “पण तू म्हणालीस तेच राहू दे. खोडू नकोस.”

परतीचे अडीच तास मी माझ्या आयुष्यातली सर्वात चांगली चाल चालले. एकही धक्का चुकवला नाही, सगळे लहान लहान करून दिले.

आता मी पुन्हा या आवारात आहे. हेंक म्हातारा झाला आहे आणि मला अजून शनिवारीच पुसतो. शेजारी रोज नवी गाडी येते आणि जाते. माझ्या दाराचा कप्पा रिकामा आहे, लिंबू स्वानंदी घेऊन गेली. रात्री इथे फार शांत असतं आणि पहाटे काचांवर दव साठतं. ते पुसायला कुणी येत नाही.

मित्रांनो, तुमच्या दारातही एखादी गाडी असेल. तिच्या खिडक्यांचं शेवाळ पुसा, चाकांतली हवा बघा, मागची दारं अधूनमधून उघडा. आणि ज्या माणसासाठी ती घेतली, त्या माणसाला जिथे न्यायचं ठरलं होतं, तिथे त्याच वर्षी घेऊन जा. पाऊस असला तरी जा. बांध कुठे पळून जात नाही हे खरं, पण माणसाला तेवढा वेळ थांबता येत नाही.

आणि कधी तुम्ही या आवारात दोन गाड्या ताडून पाहायला आलात, तर तक्ता जरूर आणा. ताकद लिहा, सोय लिहा, किंमत लिहा. त्यात मी हरेन. मग खाली एक ओळ कोरी ठेवा आणि माझ्या मागच्या उजव्या खिडकीशी क्षणभर बसून पाहा. मी तुम्हाला लागणार नाही.

आणि लागलेच, तर ते खोडू नका.